डोंगराच्या पाठीमागे

सन २०५८ च्या ऑगस्टमध्ये महाबळेश्वरच्या अकरा वर्षांच्या इरावतीला एक कोडं पडलं. झोपचाल नावाच्या साथीचा नकाशा घरातल्या पडद्यावर रोज दिसायचा. जिथे रुग्ण, तिथे लाल ठिपका. कोकण लाल होतं, घाटमाथाही लाल होता. पण त्याच सातारा जिल्ह्यात, पूर्वेच्या माण तालुक्यात एकही ठिपका नव्हता.

"नाना, माणच्या लोकांकडे कुठलं औषध आहे?"

तिचे आजोबा, नाना, हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांनी नकाशा मोठा करून पाहिला. शेजारच्या खोलीत त्यांची लेक शुभदा, म्हणजे इरावतीची आई, भिंतीला कपाळ टेकून जागच्या जागी पावलं टाकत होती. ती परिचारिका. रुग्णांची सेवा करता करता तिलाच साथ लागली होती. डोळे उघडे, पण ओळख नाही. भरवलं तर गिळायची, एवढंच. लोक अशा माणसांना झॉम्बी म्हणत आणि दारं लावून घेत.

"झॉम्बी मेलेला असतो. शुभा आजारी आहे," नाना सगळ्यांना सांगत.

हा आजार एका बुरशीचा होता. तिचे बीजाणू (बुरशीच्या बियाच म्हणा, डोळ्यांना न दिसणाऱ्या) श्वासातून नाकात शिरत आणि तिथून मेंदूला गुंगी आणत. उंचावर धोका नाही, असं समजून हजारो लोक डोंगरावर आले होते, आणि साथ इथेच जास्त फोफावली होती.

नानांनी चहाचं आधण ठेवलं आणि वाफेवर थंडगार ताटली धरली. ताटलीखाली थेंब जमले.

"समुद्रावरचा ओला वारा सह्याद्री चढतो," ते म्हणाले. "वर गेला की गार होतो. गार हवेत वाफ मावत नाही, म्हणून ती इथे पाऊस होऊन पडते. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. मग रिता झालेला वारा पलीकडे उतरतो. उतरताना काय होईल?"

"पुन्हा तापेल?"

"तापेल आणि आणखी कोरडा होईल. माणला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. त्याला पर्जन्यछाया म्हणतात (डोंगराआडचा, पाऊस न पोचणारा भाग)."

इरावती ताटलीकडे बघत राहिली. बुरशी तर ओलीवरच वाढते. "नाना, म्हणजे त्यांच्याकडे औषध नाहीच. त्यांच्याकडे ओल नाही. आईला तिकडे नेलं तर?"

नानांनी गॅस बंद केला. "स्वेटर घाल," ते म्हणाले.

पसरणीच्या घाटात धुकं इतकं दाट होतं, की नाना गाडी पावलापावलाने नेत होते. एका वळणावर समोरून वीसेक माणसं आली. डोळे उघडे, अंग भिजलेलं. त्यांच्यात इरावतीचे चित्रकलेचे काटकर सर होते. त्यांच्या एकाच पायात बूट होता.

"थांबू आपण," नाना हळूच म्हणाले. "त्यांच्यातली बुरशी ओल शोधत वर निघालीय. आपल्याशी त्यांचं काही नाही."

मेंढरं जावीत तशी माणसं गाडीच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. मागच्या सीटवर आई त्यांच्यामागे जायला काचेवर हात घासू लागली. इरावतीने तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

वाईच्या पुढे धुकं संपलं. दहिवडीच्या अलीकडे माळावर भणाणता, कोरडा वारा होता. नानांनी वस्तीबाहेर गाडी थांबवून जमलेल्या लोकांना खरं ते सांगितलं. लोक मागे सरले. हौसाबाई नावाची मेंढपाळ बाई तेवढी पुढे आली.

"माझा मेंढरं कोंडायचा वाडगा रिकामा हाय. उन्हातच हाय. आणा लेकीला."

चार दिवस दोघांनी आईला वाऱ्यावर बसवलं, चमच्याने पाणी पाजलं. नाकातली बुरशी सुकून पापुद्र्यासारखी गळू लागली. पाचव्या सकाळी आईने इरावतीच्या डोक्याला हात लावला.

"इरा, वेणी कुणी घातली गं? वाकडी आहे."

"मी घातली," नाना म्हणाले आणि तोंड फिरवून चष्मा पुसत राहिले.

हौसाबाई हसली. "आमच्या दुष्काळानं कुणाला गुण आला, हे आजच बघते."

"पण नाना, इतके सगळे आजारी या एका माळावर कसे मावतील?" इरावतीने विचारलं.

"जगात उंच डोंगर पुष्कळ आहेत. ओला वारा ज्या अंगाने चढतो ते अंग भिजतं, आणि बहुतेक डोंगरांची पाठ कोरडी राहते."

त्या दुपारी इरावतीने नानांच्या गाडीतल्या, दूरवर बोलता येणाऱ्या रेडिओवरून, मोजक्या शब्दांत, सगळं सांगितलं: वारा कुठून येतो ते बघा, आणि तुमच्या आजारी माणसांना डोंगराच्या पाठीमागे न्या. नानांनी तेच इंग्रजीत सांगितलं, आईने हिंदीत.

तिसऱ्या दिवशी पहिलं उत्तर आलं. आवाज अनोळखी होता आणि दमलेला.

"आमचा डोंगर सापडला. निघालोय."