टाकीवरची तारीख

एडिस डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून लटकते आणि शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून ठेवते. तिच्यावर सावली पडली, की ती वळवळत तळाशी जाते. म्हणून पाणी तपासताना आपली सावली मागे पडेल असं उभं राहायचं. नव्या माणसांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवते. प्राणिशास्त्र शिकून वॉर्डाच्या कीटकनियंत्रणात मला अकरा वर्षं झाली आहेत.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीलगत, एक चार मजली सोसायटी माझ्या हद्दीत येते. तिच्या गच्चीवर आग विझवण्यासाठी राखलेल्या पाण्याची टाकी आहे. हे पाणी महिनोन् महिने हलत नाही. आमची पद्धत ठरलेली: लोखंडी शिडी चढायची, झाकण उघडून पळीने पाणी पांढऱ्या ताटलीत घ्यायचं, आणि तपासून झालं की टाकीच्या भिंतीवर गेरूने तारीख, निकाल आणि आद्याक्षर लिहायचं.

चौदा जुलैला आम्ही चढलो नाही.

“मॅडम, चढलो असतो, पण गुडघा संपावर गेलाय,” खंडूमामा म्हणाले. ते माझ्याबरोबरचे कामगार, जानेवारीत निवृत्त होणार. माझंही डोकं दुखत होतं. वॉचमनच्या केबिनमागे चहा घेता घेता मी रजिस्टरमध्ये लिहिलं: टाकी तपासली, अळ्या नाहीत.

अडीच आठवड्यांनी ४०२ मधली ऋतिका डेंग्यूने गेली. एकोणीस वर्षांची होती. टाकी स्वच्छ असल्याची माझी नोंद होती, त्यामुळे चौकशीच्या वेळी तिथे पुन्हा कुणी चढलं नाही. घरात मनी प्लांटच्या बाटलीत दोन अळ्या सापडल्या. अहवालात उगमस्थान म्हणून त्या बाटलीची नोंद झाली. त्यावर ऋतिकाच्या आईची सही तेवढी राहिली होती. तीन आठवडे तो कागद मी पिशवीत घेऊन फिरत होते.

शेवटी काल सकाळी आम्ही दोघं गेलो. मी आधी गच्चीची चावी मागितली.

वॉचमन हसला. “परत चढणार? त्या दिवशी तर तुम्ही उतरायचं नावच घेत नव्हता.”

“कुठल्या दिवशी?”

त्याने स्क्रीनवर रेकॉर्डिंग काढून दाखवलं. चौदा जुलै, अकरा वाजून वीस मिनिटं. गच्चीच्या दाराशी मी. माझा निळा कुर्ता, खांद्याला पिशवी, हातात पळी. दार ढकलून मी आत गेले.

“आणि खाली येताना?”

“ते दिसत नाही. दुसऱ्या जिन्याने गेल्या असाल.”

त्या इमारतीला एकच जिना आहे.

खंडूमामांनी मला बाजूला घेतलं. “आपण तर इथं चहा पीत होतो ना, मॅडम?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. मग म्हणाले, “पण एका अर्थी बरंच झालं. आता कोण विचारणार आपल्याला?”

मी एकटी वर गेले. गच्चीवर लख्ख ऊन होतं. टाकीच्या भिंतीवर चौदा जुलैची तारीख होती. अळ्या नाहीत. श.

त्याखाली पंधरा जुलै. मग सोळा. रोजची एक ओळ, थेट त्या सकाळपर्यंत. प्रत्येक ओळीत माझं अक्षर, माझ्या नावातला, शर्मिष्ठाचा ‘श’ मी काढते तसाच, शेवटची रेघ जरा लांब.

शेवटची ओळ ओली होती. बोटाला गेरू लागला.

झाकण उघडलं. ताटलीत घेतलेल्या एका पळीत सत्तेचाळीस अळ्या निघाल्या. मी मुद्दाम सूर्याकडे पाठ करून वाकले. माझी सावली ताटलीभर पसरली.

एकही हलली नाही.

टाचणीने डिवचल्यावर वळवळल्या. म्हणजे जिवंत होत्या. फक्त सावलीला घाबरत नव्हत्या. कुणीतरी रोज, बराच वेळ, त्यांच्यावर वाकून बघत असावं, तशा.

मी झाकण लावलं, गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, आणि चावी मुठीत धरून ४०२ ची बेल वाजवली.

ऋतिकाच्या आईने, माधुरीताईंनी, दार उघडलं. खिडकीतली बाटली रिकामी, उपडी ठेवलेली. अहवाल त्यांनी दोनदा वाचला.

“म्हणजे माझ्याच बाटलीतून ना?” त्या म्हणाल्या. “ती म्हणायची, आई, पाणी बदल. मी रोज उद्यावर टाकायचे.”

त्यांनी पेन उचललं, मग थांबल्या.

“टाकी तुम्ही स्वतः बघितली होती ना? ऋतिका सांगत होती. वाळलेले कपडे काढायला वर गेली तर तुम्ही टाकीवर वाकलेल्या. तिने हाक मारली, पण तुम्ही मान वर केली नाही.”

हो म्हणणं सोपं होतं. वॉचमन साक्षीला होता, रेकॉर्डिंग होतं, भिंतीवर माझी अक्षरं होती.

वर झाकण पडल्याचा आवाज झाला.

मग गच्चीचं दार उघडल्याचा. चावी माझ्या मुठीतच होती.

पायऱ्यांवर चपला वाजू लागल्या. डावा पाय किंचित ओढत. माझी चाल तशीच आहे.

माधुरीताईंनी कागदावर पेन टेकवलं. पावलं दाराबाहेर येऊन थांबली.

मी त्यांचा हात धरला.

“सही करू नका, ताई. त्या दिवशी मी वर गेले नव्हते.”