गाडी ओमानात, ठिपका तळ्याकाठी

हे वाचून कुणी हसलं तरी चालेल. पण मी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सांगते, यातला एक शब्दही माझ्या मनाचा नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. वेळ दिवेलागणीची. ठिकाण शिरूर अनंतपाळजवळचं माझं सासरचं गाव.

माझा धाकटा भाऊ रविकिरण. उदगीरला त्याचं कापडाचं दुकान आहे. तो, त्याची बायको सुकन्या आणि छोटी शिवानी, तिघं ओमानला फिरायला गेले होते. तिथं भाड्यानं गाडी घेतली. चालवणारा रवीच. रस्ता दाखवायला फोनमधला मॅप, तोसुद्धा मराठीत बोलणारा.

सकाळी मला म्हणाला, "अक्का, लाईव्ह लोकेशन पाठवलंय. आम्ही कुठं फिरून राहिलो ते घरबसल्या बघ."

मी दिवसभर बघत होते. ओमानच्या डोंगरातून निळा ठिपका हळूहळू सरकत होता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज कापत होता.

"अक्का, लई वेळ झाला... रस्ताच सुधरून न्हाई राहिला. मॅप म्हणतंय हॉटेल जवळच हाय. पण वळलं की पुन्हा तीच पाण्याची टाकी, तीच पडकी भिंत. माणूस न्हाई, कुत्रं न्हाई."

"अरे, मग मागं फिर की!"

"फिरलो. तरी तेच. पेट्रोल संपत आलं. प्यायचं पाणी कवाच संपलं. शिवानी नुसत्या उलट्या करून राहिली."

पोरीचं रडणं मला ऐकू येत होतं. आणि त्यात मॅपवालीचा शांत आवाज...

"उजवीकडे वळा."

मी फोन स्पीकरवर टाकला. लोकेशन उघडलं.

ठिपका ओमानात नव्हता.

ठिपका... आमच्या गावात होता.

शाळेच्या भिंतीला लागून पुढं सरकत होता.

मी माझ्या मिस्टरांना, संगप्पांना, हाक मारली. "अहो, हे बघा."

"नेटवर्कचा घोळ असंल," हे म्हणाले. पण यांचा चेहरा उतरला.

कारण शाळेच्या पुढं एकच रस्ता जातो. जुन्या गावाकडं.

आणि जुनं गाव तळ्याखाली आहे.

तळं झालं तेव्हा वस्ती वर हलवली. जुना डांबरी रस्ता मात्र तसाच राहिला. तो सरळ पाण्यात उतरतो.

"रवी! गाडी थांबव! हाय तिथंच थांब!"

"अक्का... अक्का, ऐकू येतंय का? हॅलो?"

मला त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्याला माझं काहीच नाही.

"सरळ जा," मॅपवाली म्हणाली.

आम्ही मोटारसायकल काढली. इतक्या लांबच्या गाडीला मी इथून कशी अडवणार? मलाही कळत होतं. पण घरात बसवेना. मागच्या सीटवर फोन कानाला लावून मी ओरडत होते. ओरडून ओरडून घसा बसला.

तिकडून सुकन्याचा आवाज आला. "पोरगी डोळे उघडंना हो... काहीतरी करा."

तळ्याच्या वरच्या अंगाला यांनी मोटारसायकल थांबवली. मी तशीच उतारावरून पळत सुटले, ती गुडघाभर पाण्यात जाऊन थांबले आणि मागं वळले.

रस्ता रिकामा होता.

वारा नव्हता. बेडूक नाही, रातकिडा नाही.

स्क्रीनवर ठिपका उताराला लागला...

आणि खडीवर टायर वाजले.

फोनमधून नाही.

समोरून. त्या रिकाम्या रस्त्यावरून.

शिवानीचं कण्हणंही समोरूनच येत होतं. जवळ... आणखी जवळ...

"सरळ जा. तुमचं ठिकाण पुढेच आहे."

मी फोनसकट दोन्ही हात वर केले. होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडले.

"रवी, थांब!"

करकचून ब्रेक लागला.

मग सगळं गप्प.

फोनमधून रवीचा आवाज आला, पार बसलेला.

"अक्का... तू इथं कशी काय?"

फोन कट झाला. ठिपकाही गेला.

ती रात्र आम्ही कशी काढली, आमचं आम्हाला ठाऊक. लावावा तेव्हा फोन बंद. पहाटे सुकन्याचा फोन आला. शेळ्या घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं त्यांना दवाखान्यात पोचवलं होतं. शिवानीला सलाईन लावलं होतं. पोरगी वाचली.

गाडी जिथं थांबली, त्याच्या पुढं रस्ताच नव्हता. पुरानं वाहून गेलेला. खाली खोल दरी.

परत आल्यावर रवी आमच्याकडं आला. जेवताना सारखा माझ्याकडं बघत होता.

"अक्का, गाडीच्या उजेडात मला तू दिसलीस. हात वर केलेली. साडी गुडघ्यापर्यंत ओली. म्हणून ब्रेक मारला."

माझ्या डोळ्यात पाणी आलं.

"पण तुझ्या मागं ती बाई कोण होती?"

"कोण बाई?"

"सुकन्यानंही बघितली. एक हात तुझ्या खांद्यावर होता तिचा. आणि दुसऱ्या हातानं ती आम्हाला... 'या, या' करून राहिली होती."

माझ्या मागं पाणी होतं. नुसतं पाणी.

मी यांच्याकडं बघितलं. त्या संध्याकाळी वर, रस्त्याच्या कडेला, हेच तर उभे होते. यांना सगळं दिसत होतं.

"अहो, तुम्ही बघितलं का कुणाला?"

हे भरलं ताट तसंच ठेवून उठले.

त्यानंतर मी यांना किती वेळा विचारलं. एकदाही उत्तर मिळालं नाही.

फक्त मी तळ्याकडं निघाले की हे दारात आडवे येतात.