फाटकापलीकडची छबू

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाशी वाद घालायचा नाही. मी स्वतः तिथे होते. नवसामावशीच्या शेजारी, त्याच बाकावर.

साल चौऱ्याऐंशी. जागा, देवळाली कॅम्पच्या पुढची नवी बाग. वेळ दिवेलागणीची. भुतं फक्त मध्यरात्री येतात असं वाटणाऱ्यांनी पुढे वाचूच नये.

बाग नवी, पण जमीन जुनी. तिथे पूर्वी खडीच्या खाणीची रेल्वेलाईन होती. खाण बंद पडली, रूळ उचलून नेले. उरलेल्या लांबलचक पट्टीवर झाडं लावली आणि मधून सायकलींसाठी रस्ता केला. पोरं दिवसभर सायकली पिटाळायची.

पण एका जागी सायकल थांबायची.

"ब्रेक आपोआप लागतो," पोरं म्हणायची. मोठी माणसं म्हणायची, तिथे चढ असेल. कसला डोंबलाचा चढ! तळहातासारखी सपाट जागा. पण रोज संध्याकाळी, नेमकं तिथेच...

तिथे पूर्वी लाईनचं फाटक होतं. आणि त्या फाटकावर नोकरीला होते माझे जयरामकाका, म्हणजे नवसामावशीचे मालक. लाईनच्या अलीकडे त्यांची खोली, पलीकडे पाण्याचा नळ.

त्यांना एकच लेक. छबू. सात वर्षांची, भारी बडबडी. माझ्या वेण्या ओढून पळायची कार्टी.

काकांनी तिला अक्षरओळखीच्या आधी झेंडी शिकवली होती. लाल दिसली की जिथे असशील तिथे उभं राहायचं. हिरवी दाखवली की लाईन ओलांडायची. तीसुद्धा फक्त बाबांच्या हातातली.

एकदा मावशीने गमतीने हिरवी झेंडी हलवली, तर काकांनी घर डोक्यावर घेतलं.

"झेंडी म्हंजे खेळ नाय! उद्या पोरगी कुणाच्याबी झेंडीला येईल!"

तेव्हापासून मावशीने अलीकडून कितीही हाका मारल्या तरी छबू हलायची नाही. कळशी खाली टेकवायची आणि मान हलवायची. "बाबा दाखवू दे."

पंच्याहत्तर साली, अशाच एका संध्याकाळी, ती नळावरून छोटी कळशी घेऊन येत होती. खडीचे डबे येत होते. काकांनी लाल झेंडी धरली.

छबू उभी राहिली.

डबे घसरले. पलीकडच्या बाजूला कलंडले.

नळावरच्या बायका ओरडत पळाल्या. सगळ्या वाचल्या. छबूलाही पळता आलं असतं हो! पण ती बाबांकडे बघत उभी राहिली...

मावशी त्यावरून काकांना एका शब्दाने बोलली नाही. तेच वाईट झालं. भांडली असती तर दोघं रडून मोकळी झाली असती. काकांनी नोकरी सोडली, जवळच्याच वस्तीत खोली घेतली, पण त्या वाटेला पुन्हा कधी गेले नाहीत.

बाग झाली तशी मावशी मात्र रोज जायला लागली. मी सुट्टीत तिच्याकडे गेले होते. म्हटलं, चल, मीपण येते.

आम्ही बाकावर बसलो. उजेड कमी झाला.

आधी पाखरं गप्प झाली.

मग... नळाचा आवाज आला. नळ कधीच काढून टाकला होता. तरी कळशी भरत होती. भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होत जातो ना, तसा झाला. आणि थांबला.

मग पावलं. अनवाणी, मुरमावरून. रस्त्याच्या पलीकडच्या काठापर्यंत आली...

आणि तिथेच थांबली.

समोर कुणी नव्हतं. फक्त कोरड्या मातीवर एक ओलं वर्तुळ उमटलं. कळशी टेकवल्यासारखं.

मी मावशीला चिकटले. मावशी मात्र शांत होती. तिने पिशवीतून हिरवी झेंडी काढली आणि हलवली. "ये गं माझी बाय. ये."

काहीच हललं नाही.

"माझ्या झेंडीला येत नाय ती," मावशी म्हणाली. "त्यांनी तसं शिकवलंय."

त्या दिवशी घरी जाऊन मावशी काकांसमोर उभी राहिली. म्हणाली, "नऊ वर्सं झाली. पोरगी उभी हाय. पाय दुखत असतील तिचे."

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्याच झेंडीनं गेली ती. आता हात उचलत नाय माझा."

"तुम्हीच उभं केलं तिला. तुम्हीच बोलवा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा ती हे बोलली. काका गुडघ्यात डोकं घालून बसून राहिले. त्या रात्री कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. धुतलेला सदरा घालून.

पुन्हा नळ. पुन्हा पावलं. पुन्हा ते ओलं वर्तुळ...

काका उठले. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. रूळ नव्हते, गाडी नव्हती, तरी पाहिलं. त्यांनी हिरवी झेंडी वर केली.

पाणी हिंदकळलं.

पावलं धावत आली. काकांपाशी थांबली. त्यांच्या चपला भिजल्या, मी डोळ्यांनी पाहिलं!

"सांडलं तर सांडू दे, बाय," काका म्हणाले. "चल घरी."

आम्ही परत निघालो. मावशीचा डावा हात अर्धवट मिटलेला होता, लहान बोटं धरल्यासारखा. दारात पोचलो आणि तिचा हात हळूच उघडला.

"गेली," मावशी म्हणाली.

मग दोघं उंबऱ्यावर बसून हंबरडा फोडून रडली. एकमेकांना धरून.

त्यानंतर तिथे कुणाची सायकल थांबली नाही. मावशी मात्र बाकावर जाऊन बसायचीच. मला म्हणाली, "सोडवली बघ मी तिला. पण दिसत नसली तरी रोज येत तर होती गं. आता सांज कुठं घालवू?"

आज दोघंही नाहीत. मला मुलगी आहे, छबूएवढीच. तिला मी कधी "इथेच उभी राहा" म्हणत नाही.

एकदाच चुकून म्हटलं. नाशिकरोडच्या स्टेशनवर, तिकिटाच्या रांगेपाशी. "मी येईपर्यंत हलू नकोस हं."

आणि काय बोलले ते लक्षात आलं. मी धावतच मागे वळले. ती होती तिथेच उभी होती, माझ्याकडे बघत.

तिच्या शेजारी, कोरड्या फरशीवर...

एक ओलं वर्तुळ होतं.

मी मुलीला उचलून छातीशी धरलं आणि निघाले. दोनचार पावलं गेल्यावर थांबले. त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "चल गं, तूपण चल."

कुणी आलं की नाही, मला अजून माहीत नाही.