तीन ठोक्यांचं उत्तर

मिस्त्रीला टाकीत उतरायचं नव्हतं आणि त्याचं सगळं खापर त्याने गुडघ्यावर फोडलं होतं. गुडघा शिडी चढू देत नाही, असं तो आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता. गुडघा दुखत होता हे खरं. पण एवढाही नाही.

काम तसं रोजचंच होतं. रंगाईच्या एका जुन्या कारखान्याच्या तळघरात पाण्याची लोखंडी टाकी होती. दीड माणूस उंच, चारी बाजूंनी बंद, आत पत्र्याच्या भिंती घालून चार खण केलेले, आणि प्रत्येक भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं भोक. वरच्या बाजूला एक गोल तोंड, त्यातून खाली सात पायऱ्यांची लोखंडी शिडी. दोन-तीन वर्षांनी पाणी काढून आतला गंज खरवडायचा आणि रंग मारायचा. मिस्त्री हेच करत म्हातारपणाकडे निघाला होता. फक्त या टाकीचं काम आलं की त्याला नेमका ताप यायचा, नाहीतर कुणाचं तरी लग्न निघायचं. या खेपेला बायकोच्या धाकट्या भावाने परस्पर होकार देऊन टाकला आणि मिस्त्रीची पंचाईत झाली.

या भावाला सगळे बारक्या म्हणत. पस्तिशी उलटली, दोन मुलींचा बाप झाला, तरी अंग काही धरलं नाही. टाकीच्या तोंडातून तो साबणाच्या वडीसारखा आत सरकायचा.

"दाजी, तुम्ही वर बसा ऐटीत," तो म्हणाला. "ठोके तेवढे द्या. झोपलात तर ताईला सांगेन."

सकाळी डबा हातात देताना ताईनेही, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोने, बजावलं होतं, "माझा एकुलता एक भाऊ आहे. लक्ष ठेवा." ती दर वेळी हेच म्हणायची, आणि मिस्त्री दर वेळी नुसती मान हलवायचा.

ठोक्यांची पद्धत मिस्त्रीच्या वस्तादने घालून दिलेली. बंद टाकीत बोललेलं बाहेर येईपर्यंत त्याचा नुसता घुमारा होतो, शब्द हाती लागत नाही. म्हणून वरच्याने अधूनमधून हातोडीने दोन ठोके द्यायचे: ठीक ना? आतल्याने दोन द्यायचे: ठीक. आतून तीन आले तर, मला वर काढ. आणि तीन ऐकले की वरच्याने लगेच एक ठोका द्यायचा. एक म्हणजे, आलो. "बाकी काही चुकलं तर चालेल," वस्ताद म्हणायचा, "पण हा एक ठोका खोटा द्यायचा नाही. आतला माणूस तेवढ्यावर तग धरतो."

अकराच्या सुमाराला बारक्या उतरला. चौथी पायरी ढिली होती, ती किणकिणली. या पायरीला दोन बोल्ट मारायला हवेत असं वस्ताद दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी विसरायचा. कमरेचा दोर भोकातून जाताना अडकतो म्हणून बारक्याने सोडून ठेवला, सगळेच सोडायचे. टाकी उघडून, पंखा लावून रात्रभर हवा खेळवायची असते, कारण बंद टाकीतला गंज आतली हवा खाऊन टाकतो. पण काम उरकायची घाई होती. तासभर पंखा फिरवला आणि पुरे म्हटलं.

शेजारच्या खोलीत पंप धडधडत होता. त्या आवाजात खरवडणं ऐकू येईना, पण पत्र्यावर तळहात ठेवला की ठोके कळत. मिस्त्रीने दोन दिले, आतून दोन आले. पुन्हा दोन, पुन्हा दोन. त्याचा जीव जरा भांड्यात पडला. उगाच घाबरलो इतकी वर्षं, असं त्याला वाटलं आणि त्याने विडी काढून, न पेटवता, नुसती तोंडात धरली.

बाराला पंपवाल्याने पंप बंद केला. तळघर एकदम शांत झालं. टाकीतून खरवडण्याचा आवाज येत नव्हता. टेकला असेल, मिस्त्रीने मनाशी म्हटलं, आणि विचारायला हातोडी उचलली.

हातोडी अजून हवेतच होती, आणि आतून दोन ठोके आले.

त्याने हातोडी तशीच धरून ठेवली. मग हळूच खाली घेतली, पत्र्याला न लावता. पुन्हा उचलली. पुन्हा दोन. स्वच्छ, सावकाश, एकसारखे. बारक्याचा हात असा नव्हता. बारक्या धसमुसळा, त्याचे ठोके एकावर एक पडायचे. हा हात मिस्त्रीला चांगला ठाऊक होता. याच हाताने त्याला हातोडी धरायला शिकवली होती.

"बारक्या!" तो टाकीच्या तोंडापाशी ओणवा होऊन ओरडला. "अरे, बारक्या...!"

घुमारा परत आला. त्याच्या मागोमाग दोन ठोके.

अठरा वर्षांपूर्वी वस्ताद याच टाकीत जीवानिशी गेला होता. मिस्त्री तेव्हा नवखा होता, वर बसलेला. चौकशीला साहेब आले, कागद झाले, आणि त्याने तोंड वर करून सांगितलं: दर दहा मिनिटांनी ठोके दिले, दर वेळी आतून दोनच आले, शेवटपर्यंत दोनच. मग काय, हृदय बंद पडलं असेल एकाएकी, असं सगळ्यांनी मानलं. वस्तादच्या बायकोनेही मानलं. मिस्त्री सुटला. खरं एवढंच होतं की तो तिथे नव्हता. कारखान्याच्या फाटकावर एक मुलगी उभी होती, जी पुढे त्याची बायको झाली, आणि पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेला तो पाऊण तासाने आला. तोवर आतून काय ठोके आले, किती आले, हे ऐकायला वर कुणी नव्हतं.

"हवेची नळी आण! दोर आण!" त्याने पंपवाल्याला हाक मारली. पंपवाला हातातला घास टाकून धावला. हवेच्या नळीचं टोक तोंडाशी धरून मिस्त्री शिडीवर पाय ठेवून उतरला. गुडघा दुखत होता की नाही, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. चौथी पायरी किणकिणली.

आत ओल्या गंजाचा वास होता, जीभ आंबट करणारा. बॅटरीचा उजेड पहिल्या भिंतीपर्यंत जाऊन संपला. बाकीच्या तीन खणांची तीन भोकं, तिन्ही काळी. कुठल्या खणात शिरायचं? चुकीच्या खणात शिरलो तर परत फिरेपर्यंत बारक्या राहणार नाही, हे त्याला कळत होतं. नळीचीही लांबी तेवढीच होती. दोन ठोके उजवीकडून आले. मग डावीकडून दोन. मग अगदी त्याच्या पाठीशी दोन.

वस्ताद गेला त्या दिवसापासून मिस्त्रीने देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागणार तरी कुठल्या तोंडाने? बायको हात जोडायची तेव्हा तो चपला शोधायला बाहेर जायचा. आता मात्र शब्द आपसूक आले.

"देवा, दया कर... याने कुणाचं काही केलेलं नाही."

दोन ठोके. ठीक.

"माझं काय ते नंतर बघ. याला सोडव."

दोन ठोके. ठीक, ठीक. अठरा वर्षांपूर्वी कागदावर लिहून दिलेलं खोटं आता लोखंड पाठ म्हणत होतं. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने नळी तोंडापासून दूर केली आणि मोठ्याने, समोर कुणी बसल्यासारखं, सांगितलं:

"दोन आले नव्हते. मी ऐकलेच नाहीत. मी नव्हतो इथे, फाटकावर होतो. वस्ताद, मी खोटं बोललो... देवा, या पोराला सोडव. आणि वस्तादलाही सोडव रे."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत तो वस्तादला भीत होता, चुकवत आला होता. पण त्याच्यासाठी एक शब्द त्याने कधी मागितला नव्हता.

टाकी गप्प झाली. मग डाव्या हाताच्या मागच्या खणातून ठोके आले. एक. दोन. जरा थांबून, तीन.

मिस्त्रीने मुठीने पत्र्यावर एक ठोका दिला. आलो. आणि तो त्या भोकातून आत घुसला.

बारक्या पालथा पडला होता, ओठ निळे, श्वास नावाला. त्याची हातोडी पार पलीकडच्या कोपऱ्यात, हाताला लागणार नाही अशी. मिस्त्रीने नळी त्याच्या नाकाशी धरली, फरपटत शिडीपर्यंत आणलं, काखेत दोर घातला, आणि पंपवाल्याने वरून ओढलं. उघड्यावर आल्यावर बारक्या खोकला. तो खोकला ऐकून मिस्त्री मटकन खाली बसला.

संध्याकाळी दवाखान्यातल्या खाटेवर बारक्या शुद्धीवर होता. ताई औषधं आणायला गेली तसा तो हळू आवाजात म्हणाला,

"दाजी, माझ्या उशाशी कोण होतं?"

"कुठे?"

"आत. एक म्हातारा... माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तुम्ही ठोके द्यायच्या आधीच तो दोन द्यायचा. मी म्हटलं, बाबा, तीन द्या की, मी मरतोय... तर म्हणाला, कसे देऊ? माझ्या पोराने दोनच आले म्हणून सांगून ठेवलंय. त्याला खोटं कसं पाडू?"

मिस्त्रीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मग तुम्ही काहीतरी बोललात," बारक्या म्हणाला. "आणि तो रडायला लागला, दाजी. मग त्याने तीन दिले."

घरी गेल्यावर मिस्त्रीने बायकोला फाटकावरच्या त्या पाऊण तासाचं सगळं सांगितलं. सकाळी चहा पुढे ठेवताना ती एवढंच म्हणाली, "आधी काकूंकडे जाऊन या."

काकू म्हणजे वस्तादची बायको. एका चाळीच्या टोकाला, एकाच खोलीत राहायच्या. मिस्त्री पोहोचला तेव्हा बाराला थोडा अवकाश होता. काकूंनी बसायला पाट दिला, पाणी दिलं, बारक्याची चौकशी केली. मिस्त्रीने पाणी न पिताच सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

"काकू, माफ करा असं म्हणायचीही माझी..."

"थांब. बारा वाजतायत."

कोपऱ्यात, मोरीला लागून, कमरेएवढं पत्र्याचं पिंप होतं, वर लाकडी झाकण. पिण्याचं पाणी असावं. मिस्त्री बघत राहिला. बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

पिंपातून ठोका आला. मग दुसरा. जरा थांबून, तिसरा.

"रोज येतात," काकू म्हणाल्या, अगदी दूधवाल्याबद्दल बोलावं तशा. "अठरा वर्षं. तीन पिंपं बदलली. माझ्यापाशी त्यांना काय लपवायचं? मी हात जोडते आणि म्हणते, देवा, माझ्याच्याने उत्तर देववत नाही, मला तिथवर जाता येत नाही. पण यांच्यावर दया कर, कुणाला तरी पाठव." त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदराने हात पुसले. "आज तू आला आहेस. दे उत्तर."

मिस्त्री उठला. मोरीतला पितळी तांब्या त्याने हातात घेतला. एक ठोका म्हणजे काय, हे त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं, आणि तो खोटा द्यायचा नव्हता. काकूंनी डोळे मिटले. "सोडव रे देवा," त्या पुटपुटल्या.

त्याने पिंपावर एक ठोका दिला. आलो.

पिंप गप्प झालं. रेडिओ मध्येच बंद पडला. मिस्त्रीने सुटकेचा श्वास घेतला आणि तांब्या खाली ठेवायला वाकला, तेव्हा त्याला ते ऐकू आलं. पिंपाच्या तळाशी, खूप खोल, लोखंडी पायरीवर कुणीतरी पाऊल ठेवलं. मग दुसऱ्या पायरीवर. मग तिसऱ्या. दमलेलं, सावकाश पाऊल, वर येणारं.

चौथी पायरी किणकिणली. काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "झाकण काढ." आणि मिस्त्रीने हात पुढे केला.