वॉर्निशचा तिसरा हात

प्रमुख पाहुणे भाषणासाठी उठले, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली.

त्यांनी हात मागे नेऊन ती ढकलली, तेव्हा चर्र असा आवाज झाला. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर तपकिरी पट्टे उमटले होते. मग पहिल्या रांगेतली माणसंही उठून आपापले कपडे चाचपू लागली. कोणाचा कोट चिकटला होता, कोणाची पिशवी. त्या शनिवारी वाचनालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं; तिथे एकच हशा पिकला. सुट्टीसाठी आजोळी आलेली तिघं तर पोट धरून हसत होती: तेरा वर्षांचा लंबू, त्याची दहा वर्षांची बहीण मुंगी आणि त्यांचा चष्मेवाला मावसभाऊ प्रोफेसर.

हसता हसता मुंगीचं लक्ष आजोबांकडे गेलं, आणि ती गप्प झाली. आजोबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

त्या तीस खुर्च्यांना वॉर्निश आजोबांनीच लावलं होतं. सुताराकडून त्या कोऱ्या लाकडाच्या आल्या, तेव्हा तिघांनीही काचपेपर घेऊन दोन दिवस त्या घासल्या होत्या. बोटांची सालटी निघाली होती. आजोबांनी पहिला हात दिला, पूर्ण एक दिवस वाळू दिला, पुन्हा हलकेच घासून, फडक्याने पुसून दुसरा हात दिला. मंगळवारी काम संपलं, तेव्हा त्यांनी मुंगीचा गाल खुर्चीच्या पाठीला टेकवला होता. "कसं वाटतं?" "साबणासारखं," मुंगी म्हणाली होती.

पाहुणे गेल्यावर, आजोबा जिथे काम करायचे त्या फर्निचरच्या कारखान्याचे मालक त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "मिस्त्री, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"साहेब, मी दोन्ही हात पूर्ण वाळू दिले होते."

मामा मालकांच्या शेजारीच उभा होता. कारखान्याची सगळी देखरेख तोच बघायचा. तो खाली बघत म्हणाला, "बाबा, हल्ली तुम्ही विसरता हो. पहिला ओला असतानाच दुसरा मारला असेल."

आजोबांनी आपल्या हातांकडे बघितलं.

"सोमवारपासून आराम करा," मालक म्हणाले.

त्या दिवसापासून आजोबा अंगणातल्या बाकावर बसून राहू लागले. रविवारी त्यांनी लंबूला विचारलं, "आपण घासायला कधी सुरुवात केली रे?" लंबूने सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी तेच प्रोफेसरला विचारलं. बोटांवर दिवस मोजले आणि मान हलवली. "मोजलं की बरोबर येतं. पण मला काही खात्री देता येत नाही."

"मला देता येते," मुंगी मागच्या खोलीत जाऊन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "माझा गाल चिकटला नव्हता."

"गाल हा पुरावा होत नाही," प्रोफेसर म्हणाला.

"मग पुरावा शोधू," लंबू म्हणाला.

सोमवारी सकाळी तिघं वाचनालयात हजर झाली. पुस्तकं लावायला मदत करतो म्हटल्यावर ग्रंथपाल बाईंनी खुशीने आत घेतलं. खुर्च्या एका कोपऱ्यात ढकलून ठेवल्या होत्या. मुंगी चार पायांवर रांगत एकेका खुर्चीला बोट लावत गेली. चोवीस चिकट, सहा कोरड्या.

"सगळ्या एकाच दिवशी रंगवल्या, मग या सहा कशा वाळल्या?" लंबू म्हणाला.

प्रोफेसर एका खुर्चीच्या पाठीमागे नाक लावून बसला होता. तिथे कागदाची छोटी चिठ्ठी होती: सतरा. त्याने चिठ्ठीवर बोट टेकवलं. बोट चिकटलं.

"बाई, हे आकडे कोणी लावले?"

"मीच. शुक्रवारी दुपारी."

"तेव्हा खुर्च्या कशा होत्या?"

"खडखडीत कोरड्या. का रे?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वॉर्निश चिठ्ठीच्या खाली असायला हवं होतं. इथे ते चिठ्ठीच्या वर होतं. सहा कोरड्या खुर्च्यांच्या चिठ्ठ्या मात्र साध्या कागदासारख्या होत्या, नखाने सुटत होत्या. म्हणजे शुक्रवारी दुपारनंतर कोणीतरी चोवीस खुर्च्यांना तिसरा हात दिला होता, आणि बहुधा सहा खुर्च्या उरल्या असताना डबा संपला होता. आणि शुक्रवारी आजोबा या तिघांना घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत तळ्यावर मासे पकडायला गेले होते. मासा एकही मिळाला नव्हता.

"बाई, तुम्ही हे शनिवारी का नाही सांगितलंत?" मुंगीने विचारलं.

बाई गोंधळल्या. "मला कोणी विचारलंच नाही गं."

शुक्रवारी संध्याकाळी दालनाची किल्ली कारखान्याकडे होती, पुस्तकांच्या फळ्यांचे शेवटचे खिळे ठोकायला, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे माणूस कारखान्यातलाच.

"पण कोण?" लंबू म्हणाला. "विचारून कोणी कबूल होणार नाही."

प्रोफेसरने चष्मा पुसला. "मग थाप मारू."

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना तो सहज म्हणाला, "वॉर्निश नखांच्या कडेला पंधरा दिवस राहतं म्हणे. दिसत नाही, पण लिंबू चोळलं की निळं होतं. उद्या आम्ही कारखान्यातल्या सगळ्यांना लिंबू चोळणार आहोत. आजोबा, तुम्ही बसा निवांत."

आजोबांनी ऐकलंच नाही. मामाने मात्र डावा हात हळूच ताटाखाली घेतला. लंबूने ते बघितलं, आणि त्याचा घास तोंडातच फिरत राहिला. मामाने त्याला सायकल शिकवली होती.

सकाळी उठून लंबू मागच्या नळावर गेला. टर्पेंटाइनचा उग्र वास येत होता. मामा पाठमोरा बसून फडक्याने नखं घासत होता.

"लिंबाने काहीच होत नाही, मामा," लंबू म्हणाला.

मामाच्या हातातून फडकं पडलं. मागून प्रोफेसर आणि मुंगीही आली होती.

"मालकांना फोटोत चमक हवी होती," मामा हळू आवाजात म्हणाला. "संध्याकाळी म्हणाले, अजून एक हात मारून टाक. मी म्हटलं, सकाळपर्यंत वाळणार नाही. म्हणाले, पंखे लाव. काय करणार होतो मी?"

"आणि शनिवारी?" मुंगीने विचारलं. "आजोबा विसरले असं तू का सांगितलंस?"

मामाने पडलेलं फडकं उचललं. "त्यांचं वय झालंय. आज ना उद्या थांबणारच होते. माझी नोकरी गेली तर घर कसं चालेल? मोठे झालात की कळेल तुम्हाला."

"मला आत्ताच कळलंय," लंबू म्हणाला.

त्याच सकाळी त्यांनी आजोबांना हाताला धरून वाचनालयात नेलं. बाईंनी मालकांना बोलावून घेतलं. मामाही आला. प्रोफेसरने सतरा नंबरची खुर्ची टेबलावर ठेवली, चिठ्ठी दाखवली, बाईंनी वार सांगितला. आजोबांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, मग वाकून खुर्चीच्या पायांकडे बघितलं. सांध्यांवर वॉर्निशचे ओघळ होते.

"हे माझं काम नाही," ते म्हणाले.

मालक घसा खाकरत म्हणाले, "असो. झालं गेलं, सोडून देऊ."

"सोडून द्या," मुंगी म्हणाली, "पण आधी सांगा की आजोबा विसरले नव्हते."

मालकांनी मामाकडे बघितलं. मामाने मालकांकडे. शेवटी मामाच म्हणाला, "मी मारला तिसरा हात. यांनी सांगितलं म्हणून."

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

मग मात्र सगळे भराभर बोलू लागले. मालकांनी मुलांची पाठ थोपटली. "काय डोकं आहे पोरांचं," ते म्हणाले. चिठ्ठीकडे तर त्यांचं लक्षही गेलं नसतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाईंनी तिघांना सुट्टीपुरतं वाचनालयाचं कार्ड दिलं. मामासुद्धा म्हणाला, "हुशार आहेत पोरं," आणि त्याने मुंगीच्या खांद्यावर हात ठेवला. मुंगी बाजूला सरकली.

"मिस्त्री, उद्यापासून या मग," मालक म्हणाले. "या खुर्च्या खरवडून पुन्हा करायच्या आहेत."

आजोबांची माफी कोणी मागितली नाही. आजोबांनीही 'माफी मागा' असं म्हटलं नाही. ते फक्त म्हणाले, "खरवडायला चार दिवस लागतील. घाई चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आणि तिघं कामावर निघाली. घरात कोणी नव्हतं. आजोबांनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि सगळे चालू लागले. कोपऱ्यावर पोहोचल्यावर ते थांबले.

"मी कुलूप लावलं ना गं?"

"लावलं, आजोबा. मी बघितलं," मुंगी म्हणाली.

आजोबांनी मान डोलावली. दोन पावलं पुढे टाकली. मग वळले आणि कुलूप बघायला घरापर्यंत परत गेले.