निखळ लोहितपुरी

डॉ. ऋजुता खैरमोडे यांनी स्वद्रव्यमापकावरून हनुवटी उचलली, तेव्हा यंत्राने निकाल सांगूनही टाकला होता. परकी.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं. कवळीमुळे शब्द अजून नीट उमटत नव्हते आणि त्याचाच त्यांना जास्त संताप येत होता.

"मेंदू," मुख्य परीक्षक अद्वय कारखानीस म्हणाले. मंगळावरच जन्मलेला, चाळिशीतला, बोलायला अतिशय गोड माणूस. "बाई, आमच्या लोहितपूरच्या पाण्यात जड हायड्रोजन पृथ्वीच्या पाच-सहा पट. इथलं खाणाऱ्यापिणाऱ्याच्या अंगात तो मुरतो. रक्त काही महिन्यांत बदलतं, हाडं काही वर्षांत. दात आणि डोळ्यांतली भिंगं बदलत नाहीत, ती तुम्ही काढून घेतलीत. मेंदूतल्या बऱ्याच पेशीही जन्मभर त्याच राहतात. आणि कायदा म्हणतो, नागरिकाच्या अंगात परकं द्रव्य शून्य हवं."

"म्हणजे डोकं उतरवून देऊ?"

"नियम मी केलेला नाही. निकाल थेट परिषदेकडे जातो, माणसाची ढवळाढवळ नको म्हणून. पृथ्वीकडे जाणाऱ्या पुढच्या यानात तुमची जागा ठेवली गेली असेल."

"आणि ऊर्मी?"

"तुमची मुलगी इथे जन्मली, ती नागरिक आहे. तिला नेता येणार नाही. पृथ्वीच्या गुरुत्वात तिची हाडं तग धरणार नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको."

ऋजुताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. या गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातून जन्मली होती. हवेची गळती झाली त्या दिवशी सगळे आसऱ्याला पळाले, तेव्हा त्या एका अडलेल्या बाळंतिणीपाशी मुखवटा लावून बसून राहिल्या होत्या. तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई, तुमच्या दातांत कुठलं पाणी आहे. आणि आता हा गृहस्थ पोटच्या पोरीपासून तोडायला निघाला होता, तेही हसतमुखाने!

"तुमची चाचणी झाली आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"जन्मजात नागरिकांची घेत नाहीत. गरजच काय?"

"गरज मी सांगते. मी प्रसूतितज्ज्ञ आहे. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा आईच्या पोटात बनतो आणि मरेपर्यंत तोच राहतो. तो बनतो आईच्या रक्तातून. रक्तात कमी पडलं तर गर्भ आईच्या हाडामांसातून ओढून घेतो. तुमच्या आई पहिल्या तुकडीत आल्या आणि वर्षाच्या आत तुम्ही झालात. त्यांची हाडं तेव्हा कुठली होती?"



बोलता बोलता ऋजुताबाईंच्या लक्षात आलं. हेच ऊर्मीलाही लागू होतं. तिच्याही डोळ्यांत आईचं थोडं द्रव्य असणारच. पण लपवून तरी काय मिळणार होतं? गप्प राहिलं तर पोर आजच तुटत होती.

"तुमची मुलं, उद्या होणारी नातवंडं, कुणाचंही बघा," त्या ओरडल्या. "प्रमाण कमी होत जाईल, शून्य व्हायला किती पिढ्या लागतील कोण जाणे. हिंमत असेल तर टेका हनुवटी!"

दाराबाहेर रांगेत बसलेले अर्जदार उठून आत डोकावू लागले. कारखानीसांचा चेहरा लालबुंद झाला. जन्मात त्यांना कुणी असं बोललं नव्हतं.

"माझ्या लोहितपुरी असण्यावर शंका? बघाच मग!" असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि तावातावाने यंत्रावर हनुवटी टेकवली.

बारीक प्रकाश डोळ्यांवरून फिरला.

"परका," यंत्राने जाहीर केलं. "परिषदेला कळवले आहे. पुढील यानात जागा राखीव."

कारखानीसांनी घाईघाईने यंत्राची एकामागून एक बटणं दाबली. मग त्यांनी पडद्यावरची ओळ दोनदा वाचली. त्यांची हाडंही इथलीच होती, पृथ्वीवर महिनाभरही टिकली नसती.

"बाई, हे रद्द करता येतं," ते कसेबसे म्हणाले. "फक्त एका नागरिकाचा अंगठा लागतो. स्वद्रव्य चाचणी उत्तीर्ण झालेल्या नागरिकाचा."

ऋजुताबाईंनी दार सताड उघडलं.

"मग जा," त्या म्हणाल्या, "शोधून आणा एखादा."