धरून ठेवलेली थप्पी

"सोमवारपासून गोदामात कामाला जाणार ना तू? मग ऐक. दिवा राहू दे बंदच." मामा भाच्याला म्हणाले. "गोष्ट माझ्या साडूची. तिखटमीठ लावून सांगायची अक्कलच नाही त्याला.

गेल्या मार्चमधल्या शेवटच्या शनिवारची रात्र. साडू त्याच गोदामात मुकादम. घरी जेवायला बसला आणि आठवलं, चष्मा गोदामातच राहिला. परत निघाला, तर बायको म्हणते, 'येताना डोकं तेवढं विसरू नका तिथं.'

चष्मा मिळाला. परत फिरताना पाहतो तर भिंतीकडची साबणाच्या खोक्यांची थप्पी, चांगली दोन पुरुष उंच, वाटेकडे कलत होती. अशा वेळी काय करायचं?"

"पळायचं."

"ठाऊक सगळ्यांना असतं रे. तरी हात पुढे जातात. त्याच वाटेत आदल्या वर्षी एका हमालाने अशीच थप्पी धरली होती. सगळे ओरडत राहिले, सोड, सोड. खोकी उचलली तेव्हा..."

मामा घोटभर पाणी प्याले.

"साडूनेही हात लावले. सगळा भार अंगावर आला. धरवेना, सोडताही येईना. आणि एकदम... हलकं झालं. शेजारी कोणीतरी धापा टाकत होतं."

"मामा, भूतसुद्धा हमाली करतं?" धाकटी भाची हसली. एकटीच.

"आवाज आला. 'मुकादम... धरून धरून दमलो. आता तुम्ही धरा.'

साडूने मान वळवली नाही. म्हणाला, 'अरे, पोर लहान आहे माझी.'

नुसत्या धापा.

मग... 'माझीही होती.'

साडूचे हात खोक्यांवरच.

मग... 'जा.'

पळाला. मागे काही पडल्याचा आवाज आला नाही.

सकाळी चारजणांना घेऊन गेला. थप्पी तशीच, कललेली. खोकी आदल्याच दिवशी आलेली, कोरी. त्यांवर साडूच्या तळव्यांचे दोन खळगे. आणि शेजारी आणखी दोन."

"कोणाचे तरी असतील, मामा."

"असतील. पण सगळे बघत उभे होते ना... तेव्हाही ते शेजारचे दोन खळगे हळूहळू आत चालले होते."